कंसातला जिल्हा

महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांची यादी लागते, तेव्हा प्रत्येक पैलवानाच्या नावापुढे कंसात एका जिल्ह्याचं नाव असतं. पैलवान कुणाचा हा प्रश्न आयोजकांच्या लेखी तिथंच मिटतो. जेऊरमध्ये मात्र वाद तिथूनच सुरू होतो. कारण इथल्या कुस्तीशौकिनाला कंसातला जिल्हा पाठ असतो, पण त्यावर त्याचा फारसा विश्वास नसतो.

जेऊर म्हटलं की बाहेरच्यांना नागराज मंजुळे आठवतात आणि ते साहजिकच आहे. पण कुस्तीच्या हिशेबानं या गावाची जागा बघण्यासारखी आहे. करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आहे. एका अंगाला अहिल्यानगरचे कर्जत आणि जामखेड, दुसऱ्या अंगाला धाराशिवचा परांडा आणि उजनीच्या पाण्यापलीकडं पुण्याचा इंदापूर. जिल्ह्याचं ठिकाण लांब आणि शेजारचे तीन जिल्हे हाकेच्या अंतरावर. त्यात जेऊर पुणे-सोलापूर लोहमार्गावर. गाडीत बसलं की दौंडमार्गे पुण्याच्या तालमी. उलट दिशेनं कुर्डुवाडी गाठली की तिथून पंढरपूर-मिरजेच्या वाटेनं कोल्हापूरच्या. या भागातला अंगापिंडानं बरा पोरगा गावच्या तालमीतून निघतो, तो या दोनपैकी एका वाटेनं जातो. तो परत येतो यात्रेच्या मैदानात, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर, आणि तेव्हा त्याच्या नावापुढच्या कंसात भलताच जिल्हा असू शकतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे बाला रफिक शेख. गाव खडकी, तालुका करमाळा. डिसेंबर 2018 मध्ये जालन्याला त्यानं आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला 11-3 असं हरवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. तो घडला कोल्हापुरात, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली. पुढं पुण्यात. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरात गेले आणि शिष्याची गदा काही त्यांना बघायला मिळाली नाही. खडकीचा हा पोरगा उतरला होता बुलढाण्याकडून. अधिकृत नोंदीत 2018 ची गदा बुलढाण्याची आहे. करमाळा तालुक्यात हे वाक्य मोठ्यानं बोलून बघा.

असं का होतं, हे समजायला स्पर्धेची बांधणी ठाऊक हवी. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 ची, मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली. महाराष्ट्र केसरीचा किताब 1961 पासूनचा, पहिला मानकरी दिनकर दह्यारी. या स्पर्धेत दोन विभाग असतात. एक गादी, म्हणजे मॅट. दुसरा माती. दोन्हीकडं 57 किलोपासून 97 किलोपर्यंत नऊ वजनगट आणि त्यावर 86 ते 125 किलोचा खुला, म्हणजेच केसरीचा गट. प्रत्येक गटात जिल्ह्याचा एक मल्ल गादीवर आणि एक मातीत. म्हणजे पुरा संघ झाला वीस जणांचा. काही मोठ्या ठिकाणी शहराचा संघ वेगळा आणि जिल्ह्याचा वेगळा. खुल्या गटात गादीचा विजेता आणि मातीचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. ती कुस्ती गादीवर होते आणि जो जिंकेल तो महाराष्ट्र केसरी.

आता हिशेब मांडा. सोलापूर, कोल्हापूर, पुणे, सांगली या जिल्ह्यांत खुल्या गटात उतरण्याच्या लायकीचे पैलवान एका वेळी चार-पाच असू शकतात. जागा दोन. निवड चाचणीत घरच्याच तगड्या गड्याकडून पाठ लागली, तर वर्षभराचा खुराक, मेहनत, घरच्यांनी काढलेलं कर्ज, सगळं त्या एका दुपारी संपतं. उलट काही जिल्ह्यांत खुल्या गटाची जागा भरायला मल्ल मिळत नाही. मग पैलवान तिकडं जातो, त्या जिल्ह्याच्या संघटनेला नाव मिळतं, पैलवानाला संधी मिळते. मला यात गैर काही वाटत नाही. ज्यानं आयुष्य पणाला लावलंय त्यानं केवळ जन्मगावामुळं घरी बसावं, असं म्हणणारा कुस्तीचा हितचिंतक नव्हे. अडचण पैलवानाची नसते, ती मागं उभ्या राहणाऱ्याची. त्यानं ओरडायचं कुणाच्या नावानं?

हाच पेच जगात दुसरीकडं कसा सुटतो ते बघण्यासारखं आहे. आयर्लंडमध्ये रग्बी चार प्रांतांच्या संघांत खेळली जाते: मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट. गंमत अशी की या प्रांतांना आज सरकारी अर्थ काही नाही. त्यांचा कलेक्टर नाही की कचेरी नाही. अल्स्टरच्या नऊ परगण्यांपैकी सहा ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये आहेत आणि तीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, तरी संघ एकच. प्रांत जिवंत आहे तो बराचसा खेळात. त्यातही मन्स्टरचे लोक वेडाचे. 31 ऑक्टोबर 1978 रोजी लिमरिकच्या थोमंड पार्क मैदानावर मन्स्टरनं न्यूझीलंडच्या बलाढ्य संघाला 12-0 असं हरवलं. त्या एका सामन्यावर पुढं जॉन ब्रीन यांनी नाटक लिहिलं आणि ते गाजलं. मन्स्टरनं 2006 आणि 2008 मध्ये युरोपचा करंडक जिंकला, पण जुने लोक अजून 1978 वरच बोलतात. त्या मैदानाचा एक रिवाज आहे. गोलखांबांवर चेंडू मारायला खेळाडू उभा राहिला की सगळं मैदान गप्प होतं, मारणारा शत्रुपक्षाचा असला तरी. आपल्याकडं ऐन मोक्याच्या क्षणी हलगी जास्तच कडाडते. दोन्ही रीती ज्यांच्या त्यांना शोभतात.

खेळाडूंची ये-जा तिथंही आहेच. टाइग बर्न हा मूळ लेन्स्टरच्या हद्दीतल्या किल्डेअरचा. लेन्स्टरमध्ये गर्दी म्हणून तो वेल्समधल्या संघात गेला आणि 2018 मध्ये मन्स्टरला आला. पुढं तो मन्स्टरचा कर्णधार झाला. मन्स्टरच्या लोकांनी त्याला आपला म्हणून टाकलं आणि किल्डेअरचा विषय संपला. म्हणजे तिकडं जर्सी माणसाला आपलंसं करते. आपल्याकडं उलट. बाला रफिकही 2018 चाच, पण बुलढाण्याच्या नावावर गदा जाऊनसुद्धा तो करमाळ्याचाच राहिला. कुस्तीशौकिनाची निष्ठा जिल्ह्याला असते असं वरून दिसतं खरं, पण ती खरी असते गावाला, आणि गावानंतर तालमीला. जिल्हा तिसरा. हे एकदा लक्षात आलं की महाराष्ट्र केसरीच्या मैदानातले निम्मे आरडाओरडे उलगडतात.

सोलापूर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर मान मोठा आहे. बोरामणीच्या शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले: इस्माईल शेख 1980 मध्ये, आप्पालाल शेख 1992 मध्ये आणि मुन्नालाल शेख 2002 मध्ये. एका घरात तीन गदा ही गोष्ट सोलापूरकर कुठल्याही वादात शेवटचा पत्ता म्हणून टाकतो, आणि त्यावर समोरच्याला फारसं बोलता येत नाही. पण या अभिमानाची खरी परीक्षा झाली जानेवारी 2023 मध्ये, पुण्यात कोथरूडला.

मातीच्या विभागाची शेवटची कुस्ती. एका बाजूला महेंद्र गायकवाड, गाव शिरसी, तालुका मंगळवेढा, कंसात सोलापूर. दुसऱ्या बाजूला सिकंदर शेख, मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झालेला, कंसात वाशीम. म्हणजे सोलापूर विरुद्ध वाशीम असं छापलेल्या कुस्तीत दोन्ही पैलवान सोलापूर जिल्ह्यातलेच. मंगळवेढा आणि मोहोळ हे तर शेजारशेजारचे तालुके. त्या दिवशी जिल्ह्यातल्या कुस्तीशौकिनानं काय करायचं? कागदावरच्या सोलापूरमागं उभं राहायचं की यात्रेच्या मैदानात ज्याला डोक्यावर घेतलं त्या सिकंदरमागं?

कुस्तीत महेंद्रनं बाहेरची टांग मारली. पंचांनी त्याला 4 गुण दिले. कुस्ती फिरली आणि महेंद्र जिंकला. त्यानंतर आठवडाभर महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. पंचाला धमकी देण्यापर्यंत प्रकरण गेलं. जे तावातावानं बोलत होते त्यातल्या अनेकांना वाद नेमका कशाचा हेच माहीत नव्हतं, म्हणून तो इथं सांगतो.

उभ्या कुस्तीत समोरच्याला खाली आणून ताबा मिळवला की 2 गुण. पण खाली आणतानाच त्याची पाठ थेट गादीकडं किंवा मातीकडं वळली, पाठ आणि जमीन यांतला कोन काटकोनापेक्षा कमी झाला, तर ती धोक्याची स्थिती. उभ्यातून सरळ धोक्यात टाकलं तर 4 गुण. उचलून मोठ्या कमानीतून फेकलं तर 5. रिंगणाबाहेर काढलं तर 1. दहा गुणांचं अंतर पडलं की कुस्ती तिथंच संपते. दोन्ही खांदे टेकवून धरले की चितपट, मग गुण कितीही असोत. तेव्हा कोथरूडचा प्रश्न टांग लागली की नाही हा नव्हता. टांग लागलीच होती. सिकंदर पडताना पाठीवर गेला की कुशीवर, एवढाच प्रश्न होता. पाठीवर असेल तर 4, नसेल तर 2. हा फरक डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात ठरवायचा असतो, म्हणून एकाच्या जोडीला दुसरा आणि तिसरा पंच असतो. चित्रफीत हळू करून पाहिली तरी दोन जाणत्या वस्तादांचं एकमत होत नव्हतं. माझं मत विचाराल तर सिकंदर पुरता धोक्यात गेला नव्हता. पण मी मोहोळच्या बाजूचा, हेही वाचकांनी लक्षात घ्यावं.

पुढं किताबाच्या कुस्तीत शिवराज राक्षेनं महेंद्रला मिनिटभरात पाडलं. शिवराज मूळ पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा, आणि त्याच्या नावापुढच्या कंसात होतं नांदेड. शिवाय शिवराज आणि महेंद्र दोघंही अर्जुनवीर काका पवारांच्या कात्रजच्या तालमीतले. एकाच हौद्यात घाम गाळलेले दोघं वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या नावानं किताबासाठी लढले. असं आधीही झालं होतं. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हेही काका पवारांचेच पठ्ठे होते. एक नाशिकचा, एक लातूरचा. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. जिल्ह्याची ईर्षा वरची, तालमीचं नातं तळातलं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

सिकंदरनं नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत उत्तर दिलं. समोर शिवराज राक्षे. कुस्तीला अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्यांनी चहा घ्यायला म्हणून मान वळवली त्यांची कुस्ती हुकली. निकालात 4 की 2 असा प्रश्नच उरू द्यायचा नाही, हाच गुणांच्या वादावरचा जुना उतारा.

जुन्या मंडळींना गुणांचं हे गणित आवडत नाही. त्यांची सवय यात्रेच्या मैदानाची. तिथं निकाली कुस्ती लागते, म्हणजे पाठ लागेपर्यंत. वेळ फार झाला तर पंच बरोबरीत सोडवतात, आणि मग दोन्ही गावं आपापल्या पैलवानाची बाजू वर होती असं सांगत घरी जातात. चैत्रापासून यात्रा सुरू झाल्या की गावोगावची पत्रकं फिरतात: एक नंबरची कुस्ती अमुक विरुद्ध तमुक, इनाम इतकं. दुपारी पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग शंभराच्या, पाचशेच्या. हलगी-घुमक्याचा ठेका धरलेला असतो. फेटे बांधलेले पंच माती हातात घेऊन जोड लावतात. निवेदक दोन्ही पैलवानांच्या वस्तादांची आणि वस्तादांच्या वस्तादांची नावं सांगतो. कोथळीच्या शंकर पुजारींसारखा निवेदक असला तर लोक निम्मे त्याला ऐकायला येतात. कुठल्या पैलवानानं कुणाला कुठल्या डावावर पाडलं याची वंशावळ त्यांच्या तोंडावर असते. या खेळाचा बराचसा इतिहास लिहिला गेलाच नाही. तो असा ध्वनिक्षेपकावरून एका पिढीकडून दुसरीकडं गेला आहे.

आणि मैदानात पैसा फिरतो. चांगली कुस्ती झाली की कडेला बसलेला शेतकरी खिशातून नोट काढतो, निवेदक त्याचं नाव आणि रक्कम पुकारतो. दूध, तूप, बदाम आणि तालमीत राहण्याचा खर्च परवडणारी घरं फार थोडी. खुल्या गटाच्या पैलवानाचा खुराक महिन्याला साध्या नोकरदाराचा पगार खाऊन टाकतो. सरकारी मानधन किंवा पोलिसातली नोकरी मिळेपर्यंत तो जगतो तो यात्रांच्या इनामावर. गावकऱ्यांच्या वर्गणीतून ते इनाम जमतं. थोडक्यात, जेऊर, खडकी, मोहोळ किंवा शिरसीच्या माणसानं पैलवानाला आपला म्हणणं हा नुसता भावनेचा मामला नाही. त्यानं त्यात पैसे घातलेले असतात. वाशीमच्या किंवा नांदेडच्या प्रेक्षकानं ते घातलेले नसतात, म्हणून कंसातला जिल्हा त्याच्याही मनाला फारसा चिकटत नाही.

अलीकडं या शौकिनाची दमछाक वेगळ्याच कारणानं होते. संघटनांच्या भांडणामुळं महाराष्ट्र केसरी एकच राहिलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला एक आणि धाराशिवला दुसरी अशा दोन स्पर्धा झाल्या. 2025 मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक आणि मार्चमध्ये कर्जतला दुसरी. जेऊरकरांची सोय म्हणाल तर झाली. धाराशिव शेजारचा जिल्हा, कर्जत तर शेजारचा तालुका, मोटारसायकलवर जाऊन रात्री परत यावं. पण दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी झाले तर गदेचं वजन निम्मं होतं, हे सांगायला वस्ताद लागत नाही.

अहिल्यानगरला तर वाईटच झालं. गादी विभागाच्या कुस्तीत पंचांनी चितपट दिली. खांदे टेकलेच नव्हते असं म्हणत शिवराज राक्षेनं दाद मागितली आणि रागाच्या भरात पंचाला लाथ मारली. किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडनं एका गुणावरून हरकत घेतली, ती मान्य झाली नाही, आणि शेवटची काही सेकंदं उरली असताना तो मैदान सोडून गेला. पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला. शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. सोलापूरच्या पोरावर अन्याय झाला, असं आमच्या भागात सर्रास म्हटलं गेलं. पंच चुकतात हे खरं. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय असताना ती नाकारणं त्याहून चूक. तरी पंचावर पाय उचलणाऱ्याची बाजू घेता येत नाही, आणि कुस्ती अर्ध्यात सोडणाऱ्याची तर यात्रेच्या मैदानातसुद्धा घेतली जात नाही. आपल्या माणसाचं चुकलं हे म्हणता आलं नाही तर शौकीन आणि भाट यांत फरक काय?

मग मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळकेनं 2022 चा विजेता पृथ्वीराज पाटील याला हरवून गदा जिंकली. कंसात सोलापूर. पैलवान सोलापूरचा आणि गदाही सोलापूरची, असा योग अनेक वर्षांनी आला.

एक विनंती आहे. महाराष्ट्र केसरीला जाणारे बहुतेक लोक शेवटच्या दिवशी संध्याकाळी जातात, तेव्हा उभं राहायला जागा नसते आणि पुढाऱ्यांची भाषणं ऐकावी लागतात. तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी जा. 57 आणि 61 किलोच्या कुस्त्या तेव्हा सुरू असतात, खुर्च्या रिकाम्या असतात आणि खऱ्या चपळाईची कुस्ती तिथंच बघायला मिळते. जिल्ह्याच्या वीसजणांच्या संघातल्या अठरा पोरांचं नाव कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही. यादीत आपल्या भागातला पोरगा शोधा, कंसात कुठलाही जिल्हा असला तरी, आणि त्याच्या कुस्तीला हजर राहा.